शिळे पान कोणी वाढले?

वर्डप्रेसवर उभारलेल्या साइटमध्ये तयार पाने साठवून ठेवणारी कॅश प्लगिन्स कितीही बसवता येतात, पण 'ॲडव्हान्स्ड-कॅश.पीएचपी' या फाइलला जागा एकच असते. ती 'डब्ल्यूपी-कंटेंट' या फोल्डरात राहते आणि एका वेळी एकाच प्लगिनची असते. दोन कॅश प्लगिन्स एकत्र चालवली की साइट का बिघडते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका खुर्चीत आहे. उरलेले निम्मे वर्डप्रेसच्या जन्मानंतरच्या वीस वर्षांत थराथराने साचत गेले.

वेबवरची कॅश वर्डप्रेसपेक्षा जुनी. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेच्या सर्व्हरला १९९४ मध्येच मधला साठा करणारी प्रॉक्सीची सोय होती. १९९६ मध्ये स्क्विड ही कॅश करणारी प्रॉक्सी आली. त्याच वर्षीच्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात पानाची मुदत सांगणारे 'एक्स्पायर्स' हे हेडर होते, आणि पुढच्या वर्षी एचटीटीपी १.१ ने 'कॅश-कंट्रोल', 'ईटॅग' आणि 'व्हॅरी' ही हेडर्स आणली. पान किती वेळ ताजे समजायचे, कोणाला साठवू द्यायचे आणि कोणाला नाही, हे सांगण्याची भाषा अशी तयार झाली. मुदत संपण्याआधीच पान बदलले तर काय करायचे, हा प्रश्न मात्र तिने पुरता सोडवला नाही. कॅश अवैध ठरवणे हे संगणकशास्त्रातल्या मोजक्या अवघड कामांपैकी एक, हे नेटस्केपमधल्या फिल कार्लटन यांच्या नावावर चालणारे विनोदी वचन प्रोग्रामर अजून एकमेकांना ऐकवतात.

ब्लॉगच्या जगात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. २००१ मध्ये निघालेले मूव्हेबल टाइप हे साधन पान एकदाच तयार करून एचटीएमएल फाइल म्हणून सर्व्हरवर ठेवत असे. वाचणाऱ्याला ती फाइल झटकन मिळे, पण साच्यात एक रंग बदलला तरी सगळी पाने पुन्हा बांधावी लागत, आणि शेकडो नोंदींच्या ब्लॉगवर ते काम रेंगाळत चाले. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती दिली, तेव्हा त्यातली सोय नेमकी उलटी होती. पान आधी बनवून ठेवायचेच नाही. वाचक आला की पीएचपीने मायएसक्यूएल या डेटाबेसला विचारायचे, तुकडे जुळवायचे आणि गरम पान वाढायचे. लिहिणाऱ्याला बदल त्याच क्षणी दिसे. किंमत सर्व्हर मोजत असे.

स्वस्त सामायिक होस्टिंगवर, जिथे एकाच यंत्रावर शेकडो साइट दाटीवाटीने राहत, ही किंमत लवकरच जाणवू लागली. स्लॅशडॉट किंवा डिग यांसारख्या ठिकाणी एखाद्या लेखाचा दुवा लागला की काही मिनिटांत हजारो वाचक येत आणि प्रत्येकासाठी तेच पान नव्याने रांधले जाई. सर्व्हर कोलमडे. वाचक परत जात आणि होस्टिंग कंपनी खाते बंद करी.

मे २००४ मधल्या १.२ या आवृत्तीने वर्डप्रेसला प्लगिन्सची सोय दिली. एकदा बनलेले पान फाइलमध्ये ठेवून पुढच्या वाचकाला तीच फाइल देणारी प्लगिन्स त्यानंतर निघाली. स्टॅटिसाइझ या सुरुवातीच्या प्लगिनच्या कल्पनेवर स्पेनमधल्या रिकार्डो गाली यांनी डब्ल्यूपी-कॅश हे प्लगिन रचले. एका अर्थाने हे मूव्हेबल टाइपच्या एचटीएमएल फाइलीकडे मागच्या दाराने परत जाणेच होते. 

साध्या प्लगिनला हे काम जमण्यासारखे नव्हते. वर्डप्रेस आधी डेटाबेसशी जोडले जाते आणि मग प्लगिन्स वाचते. तोवर वाचवायचे ते श्रम खर्च झालेले असतात. त्यासाठी वर्डप्रेसने एक मधला दरवाजा ठेवला. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी' मध्ये 'डब्ल्यूपी_कॅश' हा स्थिरांक खरा असला, तर डेटाबेस आणि प्लगिन्स उघडण्याआधीच 'ॲडव्हान्स्ड-कॅश.पीएचपी' चालवायची. तिथेच साठवलेले पान सापडले तर ते देऊन काम आटोपायचे. अशा फाइलींना ड्रॉप-इन म्हणतात. ड्रॉप-इनचे नाव ठरलेले असते आणि एका फोल्डरात एका नावाची फाइल एकच राहते. दुसरे प्लगिन आले तर पहिल्याच्या फाइलीवर आपली फाइल लिहिण्यावाचून त्याला मार्ग नव्हता. वाद मिटवायला मधे कोणी पंचही नेमलेला नव्हता.

२००७ मध्ये आयर्लंडचे डोन्का ओ कीव्ह यांनी डब्ल्यूपी-कॅशवरूनच डब्ल्यूपी सुपर कॅश तयार केले आणि एक पायरी आणखी वाचवली. साठवलेली एचटीएमएल फाइल पीएचपीला न उठवता थेट अपाची सर्व्हरकडूनच देता यावी, म्हणून या प्लगिनने साइटच्या 'डॉट-एचटीॲक्सेस' फाइलीत आपले नियम लिहायला सुरुवात केली. वेग विलक्षण वाढला. भांडणाला मात्र दुसरे मैदान मिळाले. प्लगिन नीट न काढता त्याचे फोल्डर एफटीपीवरून नुसते उडवले, तर नियम आणि साठवलेल्या फाइली मागे राहत. मालक नवे लेख लिहीत राही आणि वाचकांना महिन्यापूर्वीचे मुखपृष्ठ दिसत राही. हे पान देण्यात वर्डप्रेसचा हातच नसल्यामुळे वर्डप्रेसमध्ये कितीही शोधले तरी दोष सापडत नसे.

साइट एका होस्टकडून दुसऱ्याकडे हलवतानाही असाच प्रकार होई. सुपर कॅश 'डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी' मध्ये 'डब्ल्यूपीकॅशहोम' या नावाने आपल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवते. साइट नव्या सर्व्हरवर आली तरी त्या ओळीत जुन्या सर्व्हरचा पत्ता राही. बिऱ्हाड हलले आणि पत्र जुन्या घरी जात राहिले, असा तो मामला.

२००९ मध्ये फ्रेडरिक टाउन्स यांचे डब्ल्यू३ टोटल कॅश आले आणि एकाच छताखाली पानांची कॅश, डेटाबेसच्या प्रश्नोत्तरांची कॅश, ऑब्जेक्ट कॅश, सीएसएस-जावास्क्रिप्टचे आकुंचन आणि सीडीएन, म्हणजे वाचकाजवळच्या सर्व्हरांवर प्रती ठेवणारे जाळे, अशी सगळी खाती उघडली. सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडले. अर्धे म्हणत सुपर कॅश, अर्धे म्हणत टोटल. बिचाऱ्या मालकाला दोन्ही सल्ले मिळत आणि तो दोन्ही बसवून टाकी. औषधाच्या दोन गोळ्यांनी दुप्पट बरे वाटेल, अशातला हा हिशेब.

प्रत्यक्षात काय घडे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिले प्लगिन चालू असताना दुसरे सुरू केले की ते ड्रॉप-इन आपल्या नावावर करून घेई. काही दिवसांनी मालक पहिले प्लगिन बंद करी. बंद होताना पहिले शिस्तीने आपला पसारा आवरे, आणि त्या आवराआवरीत 'डब्ल्यूपी_कॅश' ची ओळही पुसली जाऊ शके. आता दुसरे प्लगिन चालू आहे, त्याच्या पानावर हिरवी खूण आहे, पण त्याचा दरवाजाच बंद आहे. साइट मोडत नाही, तिचा वेग फक्त कॅशविना असतो तेवढाच उरतो. असा मुका बिघाड साइट कोलमडल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या पडद्यापेक्षा वाईट, कारण तो कोणाच्या ध्यानातच येत नाही. नंतरच्या प्लगिन्सनी ड्रॉप-इनमध्ये स्वतःची खूण आहे का हे तपासून इशारा द्यायला सुरुवात केली. 'आधी जुने बंद करा, फाइल आणि नियम गेले का पाहा, मगच नवे सुरू करा' हा क्रमही या धंद्यातल्या लोकांनी अशाच ठेचा खाऊन पाठ केला.

दुसरा ठळक प्रकार दुहेरी आवळण्याचा. पान जीझिपने आवळून पाठवले की ते लवकर पोचते. प्लगिनने आवळले आणि सर्व्हरवरच्या पीएचपीनेही पुन्हा आवळले, तर ब्राउझर एकदाच उलगडतो. वाचकाला लेखाऐवजी चौकोन, प्रश्नचिन्हे आणि चित्रविचित्र अक्षरांचा सडा दिसतो. मराठी साइटच्या मालकाला आधी वाटते की फाँट बिघडला, आणि तो युनिकोडच्या मागे लागतो. दोष लिपीत नसतो. दोनपैकी एका ठिकाणचे आवळणे बंद केले की पान जागेवर येते.

लिपीचा खरा संबंध येतो तो पत्त्यात. देवनागरीतले एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे 'दिवाळी' या सहा चिन्हांच्या शब्दाला पत्त्यात ५४ अक्षरे लागतात. लेखाच्या पत्त्यासाठी वर्डप्रेस डेटाबेसमध्ये २०० अक्षरांची जागा ठेवते, त्यात बावीस चिन्हे मावतात. मराठी मथळ्याचा पत्ता मधेच तुटलेला दिसतो तो यामुळे. वर्डप्रेस ही टक्क्यांची लिपी लहान रोमन अक्षरांत लिहिते, तर ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी टाइप केले की ती मोठ्या अक्षरांत जाते. नियमाने दोन्ही पत्ते एकच. अक्षरशः तुलना करणाऱ्या कॅशला मात्र त्या दोन वेगळ्या किल्ल्या वाटतात. मग एकाच लेखाच्या दोन प्रती साठतात, लेख सुधारल्यावर एक ताजी होते आणि दुसरी शिळीच राहते.

२०१० नंतर भांडणाचे केंद्र पानावरून त्यातल्या सीएसएस आणि जावास्क्रिप्टवर सरकले. बेल्जियमच्या फ्रँक गूसन्स यांचे ऑटोऑप्टिमाइझ या कामासाठीच होते: अनेक फाइली एकत्र करायच्या, मोकळ्या जागा काढायच्या आणि मजकुरावरून ठरणाऱ्या सांकेतिक नावाने एक फाइल बनवायची. सोबत दुसऱ्या प्लगिनची पानांची कॅश चालू असे. साच्यात बदल झाला की नव्या नावाची सीएसएस फाइल तयार होई आणि कॅश उडवल्यावर जुनी पुसली जाई. साठवलेले पान मात्र अजून जुन्याच नावाकडे बोट दाखवी. परिणाम ओळखायला सोपा असतो. पान उघडते, पण रंग नाही, रचना नाही, डावीकडे निळ्या दुव्यांची लांबच लांब यादी, आणि मधे अवाढव्य आकाराचे एखादे चिन्ह. त्या जुन्या फाइलीचा पत्ता वेगळा उघडून पाहिला की 'सापडले नाही' सांगणारा ४०४ मिळतो आणि निदान तिथेच पक्के होते. ऑटोऑप्टिमाइझने पुढे आपली कॅश उडवताना ओळखीच्या इतर कॅश प्लगिन्सनाही तसे सांगण्याची सोय केली.

जावास्क्रिप्टमध्ये क्रम सांभाळणे आणखी नाजूक. जेक्वेरी ही लायब्ररी आधी आणि तिच्यावर विसंबलेली स्क्रिप्ट नंतर, हा क्रम एका प्लगिनने सांभाळला आणि दुसऱ्याने जेक्वेरीलाच 'नंतर चाल' म्हटले, तर छायाचित्रांचा सरकता पट्टा जागीच थिजतो आणि मोबाइलचा मेनू उघडत नाही. क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीचे रॉकेट लोडर आणि २०१३ मध्ये फ्रान्समध्ये निघालेले डब्ल्यूपी रॉकेट यांचा नावापलीकडे काही संबंध नाही, पण दोघेही स्क्रिप्ट मागे ढकलू शकतात आणि दोघांनी एकाच वेळी ढकलली की गोंधळ होतो. मे २०१५ मध्ये एचटीटीपी/२ चे मानक आले. एकाच जोडणीतून अनेक फाइली समांतर येऊ लागल्या आणि फाइली एकत्र करण्याची निकड बरीच कमी झाली. प्लगिन्समधले ते बटण तरीही राहिले आणि लोक ते दाबत राहिले.

पान सगळ्यांना सारखेच असते, या गृहीतावर कॅश उभी असते. हे गृहीत जिथे मोडते तिथल्या तक्रारी सर्वांत गंभीर. मोबाइलसाठी वेगळा साचा देणारी प्लगिन्स चालत होती त्या काळात पहिला वाचक फोनवरून आला, की पुढच्या संगणकवाल्यांनाही फोनचेच पान मिळे. २०११ मध्ये वूकॉमर्स आले आणि टोपली, पैसे भरण्याचे पान, खातेदाराचे पान अशी कधीच साठवू नयेत अशी पाने सामान्य दुकानदारांच्या साइटवर आली. 'डूनॉटकॅशपेज' हा स्थिरांक त्यासाठीचा सामायिक संकेत बनला. तो खरा असेल तर कोणत्याही प्लगिनने ते पान साठवू नये. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्यांनी पाळलेली ही एक चांगली रीत.

संपर्काच्या फॉर्मची तक्रार अधिक फसवी. वर्डप्रेस फॉर्ममध्ये नॉन्स नावाचे सुरक्षेचे चिन्ह घालते, आणि ते फार तर २४ तास चालते. साठवलेले पान त्याहून जुने झाले की फॉर्म दिसतो, भरता येतो, पण पाठवताना नाकारला जातो. कॅश उडवली की चालतो आणि दोन दिवसांनी पुन्हा रुसतो. डब्ल्यूपी रॉकेटने कॅशची ठरावीक मुदत दहा तास ठेवली, त्यामागे हेच कारण आहे.

साठवलेल्या पानातला एखादा तुकडा ताजा ठेवण्याची जुनी युक्तीही एकदा अंगाशी आली. एचटीएमएलच्या टिप्पणीत 'एमफंक' अशी खूण करून पीएचपीचा कोड लिहिला की पान देताना प्लगिन तो चालवी. सुपर कॅश आणि टोटल कॅश दोन्हींत ही सोय होती. एप्रिल २०१३ मध्ये उघड झाले की हीच खूण कोणीही अनोळखी वाचक लेखाखालच्या प्रतिक्रियेत लिहू शकतो आणि सर्व्हर त्याचा कोड निमूट चालवतो. दोन्ही प्लगिन्सना घाईने सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या.

यानंतर कॅश प्लगिनच्या हातातून निसटून खाली-वर पसरली. जून २०१३ मधल्या पीएचपी ५.५ सोबत ओपीकॅश आली, म्हणजे कोडचीच कॅश. होस्टिंग कंपन्यांनी आपल्या दारात व्हार्निश किंवा एनजिनएक्स या सर्व्हरांची कॅश बसवली आणि काहींनी आपल्या ग्राहकांना कॅश प्लगिन्स वापरायला सरळ मनाई केली. एनजिनएक्सच्या कॅशचा दोष असा की वर्डप्रेसमध्ये लेख बदलल्याचे तिला कळत नाही. हा निरोप पोचवणारे एनजिनएक्स हेल्पर हे प्लगिन पुण्याच्या आरटीकॅम्प या कंपनीचे. लाइटस्पीड सर्व्हरने २०१७ मध्ये स्वतःचे प्लगिन दिले. त्यातली पानांची कॅश सर्व्हरच्या आधाराने चालते, त्यामुळे साध्या अपाचीवर ते बसवले तरी तो भाग काम करत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये क्लाउडफ्लेअरने वर्डप्रेसची एचटीएमएल पानेही आपल्याकडे साठवण्याची खास सेवा सुरू केली. आता एका लेखाच्या प्रती ब्राउझरात, सीडीएनवर, होस्टच्या दारात आणि प्लगिनच्या फोल्डरात अशा चार ठिकाणी असू शकत होत्या, आणि प्रत्येकीची मुदत वेगळी.

थर वाढले की चूक किती दूर जाते, हे वर्डप्रेसबाहेरच्या एका घटनेने दाखवले. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळांच्या दुकानावर हल्ला झाला, तो थोपवण्यासाठी कॅशचे नियम बदलण्यात आले, आणि दुसऱ्या खेपेच्या नियमांत प्रवेश केलेल्या ग्राहकांची पानेही साठवली जाऊ लागली. सुमारे ३४,००० ग्राहकांची पाने इतरांना दिसली असावीत, असे व्हॉल्व्ह कंपनीने नंतर सांगितले.

दोष शोधण्याची रीत या थरांबरोबरच घडली. सुरुवातीचा उपाय आडदांड होता. एफटीपीने 'प्लगिन्स' फोल्डरचे नाव बदलायचे, साइट उठली की एकेक प्लगिन परत लावायचे. कॅशच्या बाबतीत तो अपुरा पडे, कारण ड्रॉप-इन त्या फोल्डरात नसतेच. शिवाय मालकाला बिघाड दिसतच नसे. बहुतेक कॅश प्रवेश केलेल्या माणसाला ताजे पान देते, त्यामुळे 'माझ्याकडे तर बरोबर दिसतंय' हे वाक्य या तक्रारींत पहिले येते. म्हणून पहिली पायरी ब्राउझरची खासगी खिडकी उघडण्याची ठरली. दुसरी, पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि एखादा निरर्थक शब्द जोडण्याची. बऱ्याच कॅश अशा पत्त्याला पान नव्याने बनवू देतात. तिथे लेख ताजा आणि साध्या पत्त्यावर शिळा दिसला, तर लेख नीट साठवला गेला आहे आणि कोणता तरी थर जुनी प्रत वाढतो आहे, एवढे नक्की होते.

कोणता थर, हे पान स्वतः सांगते. सुपर कॅशसारखी प्लगिन्स पानाच्या एचटीएमएलच्या तळाशी टिप्पणीत आपले नाव आणि पान बनल्याची वेळ लिहितात. पानाचा सोर्स उघडून तळाशी गेले की दोन प्लगिन्सच्या दोन सह्या एकाखाली एक सापडतात. त्यांच्या वेळांत तासाचे अंतर असेल, तर एकाने दुसऱ्याचे शिळे पान उचलून स्वतःच्या नावावर साठवले, असा अर्थ होतो. एचटीएमएल आकसवणारा थर टिप्पण्या काढून टाकतो आणि त्यात सहीही जाते, तेव्हा हेडर्सकडे वळावे लागते. 'एज' मध्ये पान किती सेकंद जुने ते असते. 'एक्स-कॅश' किंवा 'सीएफ-कॅश-स्टेटस' मध्ये पान साठ्यातून आले (हिट) की नाही (मिस) ते कळते. तारखा मात्र ग्रिनिचच्या वेळेत असतात, भारतात साडेपाच तास मिळवून वाचाव्या लागतात. हे न केल्यामुळे ताजी पाने शिळी ठरवली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. उडवण्याचा क्रमही यातूनच ठरला: आधी आकुंचन केलेल्या फाइली, मग पानांची कॅश, मग होस्टची, मग सीडीएनची आणि शेवटी ब्राउझरची. उलट क्रमाने गेले तर बाहेरचा थर आतल्या शिळ्या पानानेच पुन्हा भरतो.

वर्डप्रेसने स्वतः यात हात घातला तो उशिरा. हेल्थ चेक हे प्लगिन फक्त तपासणाऱ्यापुरती इतर प्लगिन्स बंद ठेवू लागले, त्यामुळे चालू दुकान न थांबवता निम्मी-निम्मी प्लगिन्स वगळून दोषी शोधता येऊ लागले. मे २०१९ मधल्या ५.२ या आवृत्तीत साइट हेल्थचे पान मूळ वर्डप्रेसमध्येच आले, आणि घातक चूक झाल्यावर मालकाला ईमेलने सावरण्याची वाट देणारी सोयही आली. नोव्हेंबर २०२२ मधल्या ६.१ मध्ये साइट हेल्थ पानांच्या कॅशचीही चाचणी घेऊ लागले. ती साइटच्या मुखपृष्ठाला तीनदा हाक मारते, उत्तराला ६०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो का पाहते, हेडर्समध्ये कॅशच्या खुणा शोधते आणि ड्रॉप-इन आहे का तपासते. कॅश आहे की नाही एवढे ती सांगते. कॅश एक आहे की तीन, आणि समोरचे पान त्यांतल्या कोणाचे, यासाठी अजून सोर्स उघडून तळाची सहीच वाचावी लागते.